फुलीनं लिहिलेली नावं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

श्रोतेहो, मराठीत 'फुली' या शब्दाची ख्याती काही फार चांगली नाही. गणित चुकलं की मास्तर त्यावर फुली मारायचे. यादीतून एखाद्याचं नाव काढायचं तर त्या नावावर फुली. वर्तमानपत्रात शिवी छापायची वेळ आली तर तिथंही फुल्या. एका खेळात तिला गोळ्याच्या शेजारी जागा मिळाली आहे, तेवढाच तिचा मान. मला आज बोलायचं आहे ते कापडावरच्या फुलीबद्दल. दोन तिरपे टाके एकमेकांवर टाकले की ती तयार होते. इंग्रजीत तिला क्रॉस स्टिच म्हणतात, आणि आपल्याकडेही हेच नाव रुळलं आहे.

आमच्या लहानपणी घरोघरी दोसुतीच्या नाहीतर मॅटीच्या कापडावर हे काम चालायचं. काचेच्या चौकटीत दोन हंस, हरणांची जोडी, छत्रीवाली मुलगी. दारावर 'स्वागतम्' किंवा 'वेलकम'. आमच्यासारख्यांच्या घरात '786' किंवा काबा. हे सगळं बायका आणि मुली करायच्या. माझ्या हातात ती सुई वयाच्या चोपन्नाव्या वर्षी आली, आणि तीही औषध म्हणून.

2023 च्या ऑगस्टमध्ये मला गुलेन बॅरी सिंड्रोम झाला. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात त्याचे बरेच रुग्ण सापडले, तेव्हा हे नाव, निदान 'जीबीएस' ही आद्याक्षरं, महाराष्ट्रात घरोघरी पोचली. मला झाला तेव्हा मी ते पहिल्यांदाच ऐकत होतो. पोट बिघडतं किंवा घसा धरतो, ते बरंही होतं, आणि मग शरीराची स्वतःची फौज शत्रू समजून स्वतःच्याच मज्जातंतूंवर चालून जाते. सुरुवात बहुधा पायांपासून होते आणि अशक्तपणा वर चढत जातो. माझंही तसंच झालं. सोमवारी तळव्यांना मुंग्या आल्या, बुधवारी कांदिवली स्टेशनचा जिना चढवेना, गुरुवारी शर्टाचं बटण लागेना आणि शुक्रवारी पेन धरता येईना. श्वासापर्यंत ते पोचलं नाही, ही अल्लाची मेहेरबानी. रुग्णालयात पाच दिवस इम्युनोग्लोब्युलिनच्या बाटल्या चढवल्या आणि एकंदर चोवीस दिवसांनी मला घरी सोडलं. घरी आलो तो गादीवर ठेवलेल्या गाठोड्यासारखा.

आता घराबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या घरामुळे घडलं. आमचं घर चारकोपला. जागतिक बँकेच्या कर्जातून 1985 ते 1994 या काळात मुंबईत एक नागरी विकास प्रकल्प झाला. त्यात म्हाडानं इथं प्लॉट आखून दिले, पाणी, गटारं, रस्ते दिले आणि सांगितलं की घर ज्याचं त्यानं ऐपतीप्रमाणे बांधावं. 25, 30, 40 चौरस मीटरचे तुकडे, साधारण 35 घरांची एक सोसायटी आणि मधोमध मोकळा चौक. आज बहुतेक घरांवर मजले चढले आहेत, पण आमचा चौक शाबूत आहे. इमारतीतला आजारी माणूस बंद दाराआड असतो. आमच्याकडे दार चौकात उघडतं. त्यामुळे माझी गादी पुढच्या खोलीत पडली त्याच दिवशी 35 घरांना माझ्या तब्येतीची खबर होती.

आमच्याकडे माणसं घराच्या नंबरानं ओळखली जातात. नऊ नंबरच्या वहिनी रोज दुपारी डबा पाठवायच्या. मऊ भात, साधं वरण, आणि शेवग्याच्या शेंगा आधीच सोलून गर काढलेल्या, कारण मला त्या धरता येत नव्हत्या. बावीस नंबरच्या मुलाची रिक्षा आहे. तो आठवड्यातून तीनदा मला उपचारांना न्यायचा आणि मीटर पाडायचाच नाही. सतरा नंबरचे काका दर तिसऱ्या दिवशी सकाळी यायचे आणि माझी दाढी करायचे. काका लालबागच्या एका गिरणीत साचेवाले होते. 1982 च्या संपात काम गेलं, मग मिळेल ते करत इथं आले. माझी हनुवटी दोन बोटांत धरून ते वस्तरा असा चालवायचे, की एकदाही कापलं नाही.

आजारी माणसाच्या दुखण्याबद्दल पुष्कळ बोललं जातं, पण त्याच्या घेण्याबद्दल कुणी बोलत नाही. तो दिवसभर फक्त घेत असतो. डबा घेतो, औषध घेतो, सल्ले घेतो, दुआ घेतो. घेणारा हात पालथा करायची संधीच मिळत नाही. मी एकदा पत्नीला म्हटलं, कुणी काय काय केलं त्याची यादी करून ठेव. ती म्हणाली, 'वही पुरणार नाही.' त्यात आणखी एक गोष्ट मला डॉक्टरांकडून कळली. ते जे इम्युनोग्लोब्युलिन मला दिलं, ते हजारो माणसांच्या रक्तातल्या प्लाझ्मापासून तयार होतं. म्हणजे ज्यांची नावं मला कधीच कळणार नाहीत अशांचंही देणं माझ्या अंगात वाहत होतं.

उपचारांत एक विभाग होता त्याच्या पाटीवर 'व्यवसायोपचार' असं लिहिलं होतं. मला वाटलं, इथं बेकारांना धंदा शिकवत असतील. तिथल्या बाई हसल्या. म्हणाल्या, व्यवसाय म्हणजे माणसाला रोज जे करायचं असतं ते. बटण लावणं, भात कालवणं, सही करणं. त्या स्वतः परळच्या केईएममध्ये शिकलेल्या. हे शिक्षण देणारी आशियातली पहिली संस्था 1950 साली केईएममध्येच निघाली, आणि ती काढली कमलाबाई निंबकरांनी. या मूळच्या अमेरिकेतल्या एलिझाबेथ लुंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या इथं आल्या आणि कमला झाल्या. फलटणच्या लोकांना हे नाव तिथल्या कमला निंबकर बालभवन या शाळेमुळे ठाऊक असेल. 1952 मध्ये या विषयाची जागतिक संघटना उभी राहिली, तेव्हा तिच्या दहा संस्थापक देशांत भारत होता, हेही मला त्या बाईंकडूनच कळलं.

त्यांनी मला विचारलं, 'तुमच्या हाताला रोज काय लागतं?' मी म्हटलं, पेन. मोबाईलला सांगून कविता उतरवता येते, तसं करणारे माझे मित्र आहेत आणि त्यांच्या कविता चांगल्याही असतात. पण माझी ओळ तोंडात तयार होत नाही. खोडल्याशिवाय मला ती दिसत नाही. बाईंनी ऐकून घेतलं आणि पेन दिलंच नाही. त्यांनी प्लास्टिकची एक जाळी दिली, इंचाला सात भोकं असलेली, सोबत लोकर आणि बोथट टोकाची जाडजूड सुई. म्हणाल्या, अंगठा आणि तर्जनीची चिमूट आधी परत आणू. पेन त्याच चिमटीत बसतं.

पहिल्या दिवशी नेढ्यात लोकर ओवायलाच अर्धा तास गेला, आणि तीही शेवटी पत्नीनं ओवून दिली. पहिल्या आठवड्यात तासाला दहा फुल्या झाल्या तर चांगला दिवस. तास असं म्हणतो खरं, पण बाईंचा नियम कडक होता. वीस मिनिटं झाली की सुई खाली ठेवायची, बरं वाटत असलं तरी. या आजारात थकवा उशिरा कळतो आणि कळतो तेव्हा दोन दिवस आडवा करतो. जाळीवरून मी इंचाला अकरा घरांच्या मॅटीवर आलो आणि डिसेंबरात इंचाला चौदा घरांच्या कापडावर. दोरा सहा पदरी असतो, त्यातले दोनच पदर घ्यायचे. गाठ मारायची नाही, टोक मागच्या टाक्यांखाली दाबायचं. सगळ्या फुल्यांचा वरचा टाका एकाच दिशेला पडायला हवा, नाहीतर रंग एक असूनही कापड डागाळल्यासारखं दिसतं. माझी आई कुणाचंही भरतकाम पाहिलं की आधी उलटं करून बघायची. मला ते तेव्हा उद्धटपणाचं वाटायचं. आता मीही तेच करतो.

बाईंनी एकदा समजावलं होतं की मज्जातंतूंवरचं आवरण नुसतं उसवलं असेल तर ते काही आठवड्यांत किंवा महिन्यांत भरून येतं. पण आतली तारच तुटली असेल, तर ती पुन्हा वाढते दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मी घरी येऊन हिशेब केला. इंचाला चौदा घरं म्हणजे एक फुली पावणेदोन मिलिमीटरपेक्षा किंचित मोठी. म्हणजे माझा हात दिवसाला अर्ध्या फुलीच्या बेतानं परत येत होता. या हिशेबानं मला फार धीर आला. का ते सांगता येणार नाही, पण आला.

मग प्रश्न आला, भरायचं काय? कांदिवलीच्या महात्मा गांधी रोडवरच्या लेस-बटणांच्या दुकानातून पत्नीनं नमुन्यांची पुस्तिका आणली. गुलाब, पोपट, झोपडी आणि शेवटच्या पानावर एबीसीडी. माझ्या मनात होतं ते निराळंच. ज्यांचं घेतलं त्यांची नावं भरायची. पुस्तकात ठेवायच्या खुणेएवढी पट्टी, त्यावर त्या माणसाचं नाव, मराठीत. इतकं तरी माझ्या हातचं त्यांच्या घरी जावं. पण मराठी अक्षरांचा नमुना कुठल्याच पुस्तिकेत मिळेना. तेव्हा तो आपणच करावा असं ठरवलं. माझ्या हाताला पेन्सिल धरवत नव्हती. नऊ नंबरच्या वहिनींची मुलगी आठवीत होती, ती चौकडीची वही घेऊन बसायची आणि मी सांगायचो, 'तिसरी ओळ, चौथं घर काळं कर.' आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाला अक्षरं अशी सांगितली.

श्रोतेहो, आपली लिपी चौकटीत बसायला कुरकुर करते. शिरोरेघ एकदम सोपी. ग, म, न, त, प ही दांडीवाली मंडळी समजूतदार. सात घरं उंची दिली की मुकाट्यानं उभी राहतात. र वाकडा जातो. इ आणि झ यांच्या पोटात इतकी वळणं आहेत की सात घरांत त्यांचा गोळा होतो. वर वेलांटी-मात्रांना तीन घरं आणि खाली उकारांना तीन घरं सोडावी लागतात. आणि ळ! नऊ नंबरच्या वहिनींच्या नावात ळ आहे. त्याचे दोन गोल शेजारी शेजारी हवेत, दोघांच्या पोटात एकेक घर रिकामं हवं, नाहीतर तो ठिपका दिसतो. तो बसवायला आम्हाला चार संध्याकाळी लागल्या. उलट, अनुस्वार म्हणजे एक फुली. 1962 च्या नियमांनी मराठीतले न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, तेव्हा जुन्या मंडळींना वाईट वाटलं होतं म्हणतात. मला मात्र प्रत्येक गेलेल्या अनुस्वारामागे एक फुली वाचल्याचं समाधान मिळालं.

एका अक्षराला सरासरी तीस-पस्तीस फुल्या लागतात. माझ्या कवितेतली बारा अक्षरांची एखादी ओळ धरली तर चारशेच्या वर गेल्या. तेव्हाच्या वेगानं दोन आठवडे. मी मनातल्या मनात माझ्या जुन्या ओळी त्या भावानं तोलून पाहिल्या, आणि बऱ्याचशा परवडल्या नाहीत.

दारात बसून भरतकाम करणारा पुरुष दिसला की चौक गप्प बसणार नव्हता. 'काय कवी, कुणाच्या रुखवताची तयारी?' असं विचारलं जायचं. मी चिडत नसे. मुंबईत हातानं जरीकाम करणारे कारागीर बहुतेक पुरुषच आहेत. धारावी-गोवंडीच्या कारखान्यांत लाकडी चौकटीभोवती मांडी घालून बसलेले. त्यांच्या हातचं काम नवऱ्या मुली अंगावर मिरवतात, तेव्हा कुणी हसत नाही. आणि माझ्या आजाराचीच गोष्ट घ्या. 1916 साली फ्रान्सच्या डॉक्टरांनी, म्हणजे गुलेन, बॅरी आणि त्यांचे सहकारी स्ट्रोल यांनी, तो ज्या दोन रुग्णांत नोंदवला, ते पहिल्या महायुद्धातले सैनिक होते. त्याच युद्धात हातांना जखमा झालेला अर्नेस्ट थेसिगर नावाचा इंग्रज नट स्वतः उत्तम भरतकाम करायचा. 1918 साली अपंग सैनिकांकडून भरतकाम करून घेणारी आणि ते विकणारी संस्था लंडनमध्ये निघाली, तिच्यामागे तो होता. बंदूक धरलेल्या हातांना सुई धरायला लाज वाटली नाही, तर पेन धरणाऱ्या हातानं का लाजावं?

थेसिगरबद्दल शोधताना आणखी एक गृहस्थ सापडले, ते माझे विशेष लाडके. मेजर कॅसडाग्ली. दुसऱ्या महायुद्धात क्रीट बेटावर पकडले गेलेले ब्रिटिश अधिकारी. 1941 मध्ये जर्मनांच्या कैदेत त्यांनी फुलीच्या टाक्यांचं एक कापड भरलं. दोरा मिळवला जुन्या स्वेटरचा धागा उसवून. कडेनं ठिपके आणि रेघांची नक्षी. पाहणाऱ्या जर्मनांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते प्रदर्शनात मांडलं. ती नक्षी मोर्सच्या लिपीत होती. एका ओळीत राजाला दीर्घायुष्य चिंतलं होतं आणि दुसरीत हिटलरला अशी शिवी, की इथं बोलताना मला फुल्याच टाकाव्या लागतील.

हसणाऱ्यांचं मनावर घेतलं नाही, पण चिपळूणहून माझी थोरली आपा आली तेव्हा तिच्या प्रश्नानं मी थांबलो. तिनं कापड हातात घेतलं आणि विचारलं, 'अरे, हे सगळे क्रूस कशाला भरतोस?' ती मस्करी करत नव्हती. मी तिला सांगितलं, धारवाडकडच्या कसुतीत इरकल साडीवर हाच टाका घालतात, त्याला तिथं 'मेंथी' म्हणतात, म्हणजे आपली मेथी. आणि पॅलेस्टाइनमध्ये मुसलमान आणि ख्रिस्ती दोन्ही घरांतल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या याच टाक्यानं आपले झगे भरत आल्या आहेत. झग्यावरच्या नमुन्यावरून बाई कुठल्या गावची ते कळायचं. 2021 मध्ये युनेस्कोनं त्या कलेला मानवजातीचा वारसा म्हणून यादीत घेतलं. आपानं ऐकलं आणि म्हणाली, 'मग माझ्या जुजदानावर काहीतरी भरून दे.' जुजदान म्हणजे कुराणावरचं कापडी वेष्टण. अरबी लिपी तर आपल्या लिपीहून गोल. पण तिची एक जात आहे चौकोनी कुफी. इराण आणि मध्य आशियातल्या मशिदींच्या भिंतींवर विटांनीच अक्षरं काढायची म्हणून गवंड्यांनी ती वापरली. सगळे कोपरे काटकोनात. जणू मॅटीच्या कापडासाठीच केलेली. त्यात 'अल्लाह' हा शब्द मी हिरव्या रेशमानं तीन दिवसांत भरला. मराठी ळ ला चार संध्याकाळी लागल्या होत्या, हे मी आपाला सांगितलं नाही.

पहिली पट्टी वहिनींना गेली. दुसरी रिक्षावाल्या मुलाला. त्यानं स्वतःचं नाव नको, लेकीचं लिहा म्हटलं. ती आता त्याच्या रिक्षात आरशाखाली टांगलेली असते. तिसरी काकांची.

काकांनी आधी कापड मागितलं. उजेडाकडे धरून उभे-आडवे धागे पाहिले, नखानं खरवडलं आणि म्हणाले, 'साच्यावरचं आहे, पण चार-चार धागे एकत्र घेऊन विणलंय, म्हणून भोकं दिसतात.' चाळीस वर्षांनी त्यांच्या बोटांना ते आठवत होतं. मग म्हणाले, नावाखाली माझा तिकीट नंबरही घाला. गिरणीत प्रत्येक कामगाराचा तिकीट नंबर असायचा. संपानंतर कुणी तो त्यांना विचारला नव्हता. दाढी करताना ते रोज विचारायचे, 'माझं कुठवर आलं?'

काकांच्या नावात चार अक्षरं. डिसेंबरअखेर दोन झाली होती. 2024 च्या जानेवारीत एका पहाटे काका झोपेतच गेले. त्यांना चौकातून नेलं तेव्हा मला खांदा देता आला नाही. काठी टेकून दारात उभा राहिलो, तेवढंच. दाढी वाढलेली होती, दुसऱ्या दिवशी त्यांची यायची पाळी होती.

ती पट्टी मी डब्यात ठेवून दिली. पुढची दोन अक्षरं घालावीत असं वाटेना. अर्धं ठेवणंही बरं दिसेना. तेरावं झाल्यावर काकू स्वतः आल्या. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग विचारलं, 'यांचं किती राहिलंय?' मी म्हटलं, दोन अक्षरं आणि नंबर. 'मग करा की,' त्या म्हणाल्या. मी केलं. वीस मिनिटांचा नियम त्या आठवड्यात पाळला नाही, आणि पुढचे दोन दिवस आडवा होतो. आता ती पट्टी काकांच्या हरिपाठाच्या पोथीत असते. काकूंना वाचता येत नाही. नातू रोज संध्याकाळी वाचतो आणि जिथं थांबतो तिथं आजोबांचं नाव ठेवतो.

माझ्या डाव्या पायाची बोटं अजून बधिर आहेत. पेन मे महिन्यात हातात आलं. अक्षर पूर्वीसारखं नाही, जरा चौकोनी झालं आहे. नव्या कविता कमी आहेत. पट्ट्या मात्र एकोणीस झाल्या, आणि चौकातल्या मुलींनी त्या चौकडीच्या वहीच्या झेरॉक्स काढून घेतल्या आहेत. त्यांना राख्यांवर नावं भरायची असतात. स्वर झाले, व्यंजनं झाली, जोडाक्षरांपैकी श्र आणि त्र जमले. ज्ञ मात्र सात घरांत काही केल्या बसत नाही. वहिनींची मुलगी म्हणते, त्याला दहा घरं द्या. मी आठवर अडून बसलो आहे. येत्या रविवारी पुन्हा वही उघडणार आहोत.